‘बायको आहे, तिला ठाऊक नसेल होय?’

मा. संचालक,
महाराष्ट्र पोलीस अकादमी,
त्र्यंबक रोड, नाशिक.



तसं पाहिलं तर आपण शेजारी. मी गंगापूर रोडला राहते. सकाळी चालत आनंदवल्लीला जाते, नवश्या गणपतीच्या पायऱ्यांवर दोन मिनिटं टेकते, गोदावरीला पाणी किती आहे ते बघते आणि परत फिरते. तीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. त्यामुळे आपल्या मैदानावर दीक्षान्त संचलन करून बाहेर पडलेल्या कित्येक फौजदारांशी माझी ओळख आहे, पण ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली. ते आत आणि मी बाहेर. आता सनद कपाटात आहे, गुडघे दुखतात, आणि भांडायला कोणी उरलेलं नाही म्हणून हे पत्र.

चार्जशीटमधलं एक वाक्य मला झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणता येईल. घरातल्या घरात खून होतो. दिराचा, सासऱ्याचा, सवतीच्या पोराचा. करणारा नवरा. मग दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ठरलेलं वाक्य येतं: ‘आरोपी क्र. 2 ही आरोपी क्र. 1 ची पत्नी असून तिला सदर गुन्ह्याची संपूर्ण माहिती होती.’ याला पुरावा काय, तर वाक्याचा पहिला अर्धा भाग. एका उलटतपासणीत मी तपास अधिकाऱ्याला हे विचारलं, तर तो निरागसपणे न्यायाधीशांकडे बघून म्हणाला, ‘बायको आहे साहेब ती, तिला ठाऊक नसेल होय?’ कोर्टात हशा पिकला. मीही हसले. माझी अशील मात्र हसली नाही.

तिचीच गोष्ट आधी सांगते. गाव, साल, पोलीस ठाणं सांगत नाही. दोघा भावांत बांधावरून वाद. पोळ्याच्या आदल्या रात्री थोरल्याने धाकट्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा घातला, आपल्याच घराच्या ओट्यावर. प्रेत पहाटे नाल्यात सापडलं. दुपारी पंचनामा झाला. त्यात लिहिलं, ‘घराचा ओटा शेणाने ताजा सारवलेला असून जमीन ओलसर आहे.’ एवढ्या एका ओळीवर थोरल्याची बायको आरोपी क्र. 2 झाली. खून, सामाईक इरादा, पुरावा नाहीसा करणे, तिन्ही कलमं एकदम. ताजा सारवलेला ओटा वाचून कोणाच्याही अंगावर काटा येईल, माझ्याही आला. मग लक्षात आलं की तो दिवस पोळ्याचा. पोळ्याला त्या गल्लीतला कुठला ओटा कोरडा असेल? मी विचारलं, शेजारच्या घराचा ओटा पाहिलात का? नाही. समोरच्या? नाही. आरोपी क्र. 2 ने कधी सारवलं? पहाटे असावं. ‘असावं’ हे कोणी सांगितलं? त्यावर शांतता. सारवलेल्या थराखालची माती खरवडून घेतली का? नाही. शेणाची पाटी, पोतेरं जप्त केलं का? नाही.

नवऱ्याला जन्मठेप झाली, ती सुटली. पण निकाल लागेपर्यंत अडीच वर्षं आत होती आणि तिची दोन पोरं आजोळी. तिने तो ओटा सणासाठी सारवला की रक्तासाठी, हे न्यायालयाला कळलं नाही, कारण तपासाने ते विचारलंच नाही. सणासाठी असेल तर अडीच वर्षं फुकट गेली. रक्तासाठी असेल तर एक गुन्हेगार सुटली. दोन्हीला कारण तीच एक ओळ. ती मला काय म्हणाली होती, हे आपल्याला विचारावंसं वाटेल. अशिलाचं बोलणं वकिलाने फोडायचं नसतं, खटला संपल्यावरसुद्धा नाही. नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम 132 वाचा, जुनं 126. आणि हे बंधन नवरा-बायकोच्या बोलण्यालाही एका परीने आहे. त्याकडे पुढे येते.

माझं म्हणणं एवढंच आहे, महोदय. लग्न झालेलं आहे म्हणून कोणी खुनी ठरत नाही आणि लग्न झालेलं आहे म्हणून कोणी सुटतही नाही. कायदा विचारतो, तू काय केलंस आणि कधी केलंस. आधी, त्या वेळी, की नंतर? ‘माहिती होती’ या दोन शब्दांत आपले फौजदार हे तिन्ही काळ कालवून टाकतात. आधी माहिती असणं आणि साथ देणं म्हणजे कट किंवा अपप्रेरणा, शिक्षा खुनाएवढी. त्या वेळी हात लावणं म्हणजे सामाईक इरादा, तीच शिक्षा. नंतर कळणं आणि डाग पुसणं म्हणजे न्याय संहितेचं 238, जास्तीत जास्त सात वर्षं. आणि नंतर कळूनही नुसतं रडत बसणं, म्हणजे बहुतेक वेळा काहीच नाही. जन्मठेप आणि घरी परत जाणं यांच्यातलं अंतर घड्याळात आहे, आणि आपला पंचनामा घड्याळ बघत नाही.

‘आधी’चा सगळ्यात गाजलेला मराठी खटला माझ्या सकाळच्या वाटेवरच आहे. ज्या आनंदीबाईंच्या नावाने ही आनंदवल्ली वसली, त्यांच्यावरचा आरोप पोरासोरांना पाठ आहे. 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाडा, गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराच्या निमित्ताने गारदी आत घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना त्यांनी मारलं. नारायणराव ज्या चुलत्याकडे धावले, त्या राघोबादादांचाच हुकूम गारद्यांच्या खिशात होता. त्या कागदावर ‘धरावे’ होतं, ते ‘मारावे’ झालं, आणि हा ‘ध’चा ‘मा’ करणारा हात बायकोचा, अशी कथा. ग्रँट डफने 1826 साली छापलेल्या आपल्या इतिहासात तो सार्वत्रिक समज म्हणून नोंदवला आहे. पुढे नाटकांनी आणि चित्रपटांनी तो घराघरांत नेला. आज कुठल्याही कार्यालयात कोणी टिपणीत फेरफार केला की आपण आनंदीबाईंचाच वाक्प्रचार वापरतो.

आता हाच खटला चार्जशीट म्हणून वाचून बघा. मूळ कागद आज कोणासमोर नाही. राघोबादादांचं म्हणणं काय? मी फक्त धरायला सांगितलं होतं. म्हणजे कागद बदलल्याची गोष्ट हा आरोपी क्र. 1 चा बचाव आहे! खुनाचा हुकूम देणारा माणूस अटकेचा हुकूम देणारा होतो, आणि उरलेला सगळा खून त्या एका अक्षराच्या अंगावर जातो. आपल्याला सोडवून सहआरोपीला अडकवणाऱ्या असल्या बोलण्याला आजच्या पुराव्याच्या कायद्यात काय किंमत आहे? सहआरोपीचा कबुलीजबाब दुसऱ्याविरुद्ध विचारात घ्यायचा, तर त्यात बोलणाऱ्याने स्वतःलाही गुन्ह्यात ओढलेलं असावं लागतं. जुनं कलम 30, नवं 24. ‘मी धरा म्हणालो, मारा दुसऱ्या कोणी केलं’ हे त्यात बसत नाही. माझ्यासमोर असा जबाब आला असता, तर मी उभीसुद्धा राहिले नसते, बसल्या जागेवरूनच हरकत घेतली असती.

आनंदीबाई निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही. महत्त्वाकांक्षी होत्या, नवऱ्याच्या राजकारणात त्यांचं लक्ष होतं, हे सगळं असेल. पण महत्त्वाकांक्षा हे न्याय संहितेतलं कलम नाही. आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी काय केलं ते आठवा. चौकशी करून त्यांनी बोट ठेवलं ते राघोबादादांवर, म्हणजे ज्याचा हुकूम आणि ज्याचा लाभ त्याच्यावर, आणि देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणं सोडलं. गंमत बघा. न्यायाधीशाने नवऱ्याला दोषी धरलं आणि लोकांनी बायकोला. राघोबादादा 1783 साली कोपरगावी वारले, आनंदीबाई 1794 साली. तेव्हापासूनच्या सव्वादोनशेहून जास्त वर्षांत लोकांचा निकालच चालत आला आहे, आणि मला भीती वाटते की आपल्या प्रशिक्षणार्थ्यांच्याही मनात ते इथे यायच्या आधीपासून तोच असतो. नवऱ्याने केलं तर मागे बायको असणारच. किंवा याच्या उलट, बाईमाणूस आहे, तिला काय कळतंय, सोडा. दोन्हींत काम वाचतं.

त्या दुसऱ्या टोकाला उत्तर म्हणून हरियाणाची एक केस आठवा. हिसार जिल्ह्यातलं लितानी, 23 ऑगस्ट 2001 ची रात्र. माजी आमदार रेलूराम पुनिया, त्यांची पत्नी, मुलं, सून आणि तीन अजाण नातवंडं, अशी एका घरातली आठ माणसं मारली गेली. मालमत्तेचा वाद होता. मारणारी त्यांची पोटची मुलगी आणि तिचा नवरा. मुलीने नंतर विष घेतलं, ती वाचली, आणि दवाखान्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तिचा कबुलीजबाब झाला. तिथे कोणी ‘नवऱ्याच्या सांगण्यावरून’ असं म्हणून तिला बाजूला काढलं नाही. सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने जन्मठेप केली, 2007 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दोघांची फाशी पुन्हा कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरामुळे 2014 च्या जानेवारीत ती जन्मठेपेवर आली. या सगळ्या चढउतारात एक गोष्ट बदलली नाही. दोघांचं माप एकच राहिलं. कोण कोणाचा मदतनीस हा प्रश्नच उरला नाही, कारण दोघांचंही ‘त्या वेळी’ सिद्ध झालं होतं.

पण ‘त्या वेळी’ सिद्ध करणं घरात जितकं सोपं वाटतं तितकं नसतं. 1923 साली कलकत्त्याच्या शांकरीटोला पोस्टात दरोड्याच्या वेळी पोस्टमास्तरला गोळी घातली गेली, आणि पुढे ‘मी तर बाहेर अंगणात उभा होतो’ म्हणणाऱ्यालाही प्रिव्ही कौन्सिलने खुनीच ठरवलं. हा निवाडा आपल्याकडे शिकवला जात असणार, आणि शिकवायलाच हवा. पण दरोड्याच्या जागी अंगणात उभा राहणारा माणूस तिथे मुद्दाम आलेला असतो. रात्री अकरा वाजता बायको स्वतःच्या घरात असते, याला संशयास्पद वावर म्हणत नाहीत! ती तिथे असणारच. मग ती असण्यापलीकडे काय करत होती ते शोधायचं. दाराची कडी आतून कोणी लावली? टीव्हीचा आवाज कोणी वाढवला? पोरांना त्याच संध्याकाळी शेजारी किंवा मामाकडे कोणी पाठवलं, आणि एरवी पाठवायचे का? दिराला जेवायला बोलावणारा फोन कोणाच्या मोबाइलवरून गेला? यांतल्या एकेका गोष्टीने बाईचा जन्म तुरुंगात जाऊ शकतो, आणि न्यायाने जाऊ शकतो. त्याऐवजी आमच्या हाती येतं, ‘तिने आरडाओरडा केला नाही.’ डोळ्यांसमोर कुऱ्हाड चाललेली असताना घशातून आवाज न फुटणं म्हणजे इरादा, हे कोणत्या पुस्तकात आहे?

आता भीतीचा मुद्दा. इंग्लंडात पूर्वी एक मजेशीर समजूत होती की नवऱ्याच्या देखत बायकोने गुन्हा केला तर तो नवऱ्याच्याच धाकाने केला. 1925 साली त्यांनी ते गृहीतक काढून टाकलं आणि उरलासुरला बचावही 2014 साली मोडीत काढला. खुनाला मात्र तो कधीच लागू नव्हता. आपल्या 1860 च्या दंडसंहितेने बायकोसाठी असा वेगळा पाट मांडलाच नाही. धाकाचं कलम सगळ्यांना एकच, जुनं 94, नवं 32. तत्काळ जीव जाईल अशी धमकी असली तर बचाव मिळतो, पण खुनाला मिळत नाही. म्हणजे वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बाईने ‘नाही म्हटलं असतं तर मलाही मारलं असतं’ म्हणून दिराचे पाय धरून ठेवले, तर कायदा तिच्या मदतीला येत नाही. हे कडू आहे, आणि या पत्राने बदलणारही नाही. पण रक्त पुसण्याच्या आरोपाला तेच कलम 32 चालतं. म्हणून प्रश्न असा विचारायचा: ‘पूस’ म्हणाला तेव्हा कुऱ्हाड त्याच्या हातात होती, की तो अंघोळ करून चहा पीत होता? मी पाहिलेल्या जबाबांत हा प्रश्न एकदाही सापडला नाही.

‘नंतर’च्या भागात कायद्याने संसाराची थोडी बूज राखली आहे, आणि ती नेमकी कुठे राखली आहे हे कळण्यासारखं आहे. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं 249. पण त्यालाच अपवाद आहे की आसरा देणारी व्यक्ती त्या गुन्हेगाराची पत्नी किंवा पती असेल तर हे कलम लागू नाही. आईला हा अपवाद नाही, भावाला नाही, बापाला तर नाहीच. म्हणजे खून करून आलेल्याला माळ्यावर लपवून रात्री भाकरी देणारी आई गुन्हेगार, आणि तीच भाकरी बायकोने दिली तर नाही. मात्र ही माया माळ्यापाशीच संपते. रक्ताचे कपडे चुलीत घातले, किंवा पोलिसांना खुनाबद्दल जाणूनबुजून खोटी माहिती दिली, की 238 लागतं, आणि तिथे पती-पत्नीला सूट नाही. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या 33 प्रमाणे खुनाची खबर देणं हे प्रत्येकाचंच कर्तव्य आहे, वाजवी सबब नसेल तर. बायको असणं ही वाजवी सबब होते का? यावर मी दोन तास दोन्ही बाजूंनी बोलू शकते. एका हाताने ‘लपवलंस तर चालेल’ म्हणणारा कायदा दुसऱ्या हाताने ‘पण सांगायला ये’ म्हणतो, हे नव्या संहिता करतानाही कोणाला खटकलं नाही. 1 जुलै 2024 ला कलमांचे आकडे बदलले, ही गाठ तशीच राहिली.

आणि आता ते बोलण्याचं बंधन. बायको साक्षीदार म्हणून चालते, पण लग्नाच्या काळात नवऱ्याने तिला जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय तिला कोर्टात सांगता येत नाही. अपवाद मुख्यतः एकच, गुन्हा तिच्याच विरुद्ध असला तर. पुराव्याच्या कायद्यातलं जुनं 122, नवं 128. तरी दर दुसऱ्या केसमध्ये तिच्या जबाबाची सुरुवात असते, ‘माझे पतीने मला सांगितले की, मी भावाला संपवले आहे.’ तो कागद चहाच्या डागासकट निकामी. उलट 1954 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा राम भरोसे खटला घ्या. नवरा पहाटे अंधारात छपरावरून उतरला, भुशाच्या खोलीत गेला, बाहेर येऊन त्याने अंघोळ केली आणि तेच धोतर पुन्हा नेसला, एवढं बायकोने पाहिलं होतं. तेवढं पुराव्यात चाललं. तो तिला दागिन्यांबद्दल जे बोलला, ते चाललं नाही. म्हणून तिला ‘त्याने काय सांगितलं’ विचारण्याआधी ‘तू काय पाहिलंस’ विचारा. किती वाजता आला, अंगात कोणता सदरा होता, पाणी तापवलेलं होतं की गार पाण्यानेच अंघोळ केली, कुऱ्हाड कुठे ठेवली. घरातल्या बाईला या गोष्टी मिनिटांच्या हिशेबात ठाऊक असतात, कारण बंब तीच पेटवते.

पण असं विचारायचं, तर ती आरोपी की साक्षीदार हे पहिल्या तासात ठरवून चालत नाही. माझ्या अनुभवात ते पहिल्या दहा मिनिटांत ठरतं, आणि बहुधा गर्दीच्या आवाजावर ठरतं. मयताच्या सासरचे ओरडले, ‘दोघांनी मिळून केलं’, की ती आरोपी. तिच्या माहेरचा कोणी सरपंच-बिरपंच असला, की ती साक्षीदार. त्यानंतरच्या जबाबांना मग काही अर्थ राहत नाही. आरोपी झाली की ती वकिलाच्या सांगण्यावरून तोंड मिटते, मीच मिटायला सांगते. साक्षीदार झाली की खटल्यापर्यंत सासरी राहून फितूर होते. दोन दिवस थांबा, तिचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या 183 खाली दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवा, मग ठरवा. माफीचा साक्षीदार करण्याची वाट तर नंतरही उघडी असते. कोल्हापूरच्या गावित बालहत्या प्रकरणात नवऱ्याला माफीचा साक्षीदार केलं आणि त्याची बायको व मेहुणी 2001 साली फाशीच्या कोठडीत गेल्या. 2022 साली मुंबई उच्च न्यायालयाने ती फाशी जन्मठेपेत बदलली. तो सौदा मला आजही घशाखाली उतरत नाही, पण निदान तो विचार करून केलेला होता. उंबऱ्यावरच्या गर्दीने केलेला नव्हता.

यावर आपले निरीक्षक म्हणतील, मॅडम, घरात खून झाला तर घरातल्यांनीच खुलासा द्यायचा असतो, सर्वोच्च न्यायालयच म्हणालंय. बरोबर. 2006 साली त्रिमुख मारुती किरकन या महाराष्ट्रातल्याच खटल्यात ते म्हटलंय, जुन्या पुरावा कायद्याच्या 106 खाली, नव्या 109 खाली. चार भिंतींच्या आत घडलेल्या खुनाबद्दल आतल्या माणसाने मिठाची गुळणी धरली, तर ती त्याच्याविरुद्धची एक कडी धरली जाते. पण साखळीतल्या बाकीच्या कड्या आधी तुम्हीच जोडायच्या असतात. सिद्ध करण्याचं ओझं उचलून आरोपीच्या डोक्यावर ठेवायला ते कलम नाही, हे शंभूनाथ मेहराच्या खटल्यात 1956 सालीच सांगून झालंय. एका कडीची साखळी होत नाही. आणि किरकन खटला नवऱ्याविरुद्धचा होता, बायको मेलेली. तोच निवाडा जिवंत बायकोला दुसरा आरोपी करायला वापरताना थोडं तरी अडखळायला हवं.

आता साधनं आहेत. झडती-जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या 105 ने सक्तीचं केलंय, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर येणं 176 मध्ये आलंय, राज्यांनी ते टप्प्याटप्प्याने लागू करायचं आहे. माझ्या वेळी यातलं काही असतं, तर त्या ओट्याचं सत्य मातीनेच सांगितलं असतं. पण कॅमेरा फक्त आरोपीच्या ओट्यावर धरला आणि शेजारच्या ओट्याकडे वळवलाच नाही, तर काय होणार? तेवढं वळवायला शिकवणं आपल्या हातात आहे.

म्हणून एक विनंती. पुढच्या तुकडीला एका सकाळी आनंदवल्लीला घेऊन या. बसचीही गरज नाही, तरुण मुलं-मुली आहेत, पळत येतील. घाटावर बसवा आणि प्रत्येकाला एक कोरा कागद द्या. विषय, शनिवारवाड्यातला खून, आरोपी क्र. 2 चं दोषारोपपत्र. तिने आधी काय केलं, त्या वेळी काय केलं, नंतर काय केलं, आणि प्रत्येकाला पुरावा कोणता. वेळ एक तास. मी तिथे असेनच, कागद तपासायला मदत करीन, मानधन नको. ज्याच्या कागदाची सुरुवात ‘आरोपी क्र. 2 ही आरोपी क्र. 1 ची पत्नी असून’ अशी होईल, त्याला तो परत द्यायचा आणि दुसरा कोरा कागद द्यायचा. कोरे कागद जरा जास्तच आणा.

आपली,
एक निवृत्त फौजदारी वकील,
गंगापूर रोड, नाशिक